हजार वर्षं आणि पाऊण तास

वन्सं,

मंडळीच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर अर्धं पान लिहून द्या, असं पाळक सांगून गेले. जन्म कुठला, नर्सिंग कुठं शिकलात, कुठल्या कुठल्या गावांत नोकरी केलीत, संडे स्कूलला किती वर्षं शिकवलंत, ते सगळं मी लिहून दिलं. 'शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या' हे मात्र त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. शांत म्हणे! ज्या बाईने बत्तीस वर्षं माझ्याशी जगाच्या अंतावरून भांडण केलं तिला शांत म्हणायचं, तर मग मला सोशिक म्हणावं लागेल. त्या अर्ध्या पानात जे मावलं नाही ते इथं लिहिते आहे. कुणी छापो न छापो. तुमच्याशी माझं बोलणं अर्धं राहिलंय आणि अर्धं काही ठेवायची मला सवय नाही.

लग्न होऊन मी राहुरीजवळच्या तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही चाळिशीला टेकलेल्या, बिनलग्नाच्या, गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. मी तुमच्या धाकट्या भावाची, प्रभाकरची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, आणि वर बॅप्टिस्ट उपदेशकाची मुलगी. म्हणजे शास्त्रावर बोलायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. पहिल्याच आठवड्यात जेवताना तुम्ही विचारलंत, "नलू, प्रभू परत येनार तो हजार वर्षांच्या राज्याआधी का नंतर?" नव्या नवरीला लोक माहेरचं विचारतात, तिला स्वयंपाक येतो का बघतात. मी म्हणाले, "ती हजार वर्षं मोजायची नसतात, वन्सं. ते प्रतीक आहे. त्याचं राज्य आत्ताच चालू आहे." तुमचा घास हातातच राहिला. प्रभाकरने आपलं ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन जेवला. पुढेही आपल्या दोघींचं सुरू झालं की तो ताट उचलायचा.

खरं तर त्या घरात तिसरं मतही होतं. ते भिंतीवरच्या फोटोत, हार न घातलेल्या चौकटीत, बसलं होतं. तुमचे वडील, माझे मामंजी. मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांची वही वाचली. त्यांच्या पिढीच्या प्रचारकांना शिकवण मिळाली होती ती अशी, की सुवार्ता हळूहळू सगळ्या जगात पोचेल, माणसं सुधारतील, हजार वर्षं भल्याचा काळ येईल, आणि त्यानंतर प्रभू येईल. म्हणून मामंजींनी शाळा काढली, देवीची लस टोचून घ्यायला लोकांची मनधरणी केली, मुलींना पाटी आणून दिली. जग शहाणं होणार याची त्यांना खात्री होती आणि आपल्या वाटणीचं शहाणपण ते सायकलवरून गावोगाव पोचवत राहिले.

त्यांच्या मुलीला ते पटलं नाही, यात नवल नाही. तुम्ही वॉर्डात होतात. गॅस्ट्रोच्या साथीत एका आठवड्यात चार लेकरं तुमच्या हातात गेली, ते तुम्ही मला फक्त एकदा सांगितलंत, भांडी घासता घासता. "जग सुधारतंय म्हननाऱ्यानं एकदा माझ्यासंगं डूटीला यावं," म्हणालात. त्यानंतरच कुठल्याशा सभांमध्ये तुम्ही ते दुसरं मत ऐकलंत आणि मांजरपाटाच्या लांब कापडावर रंगाने तक्ता काढलात. डावीकडे एदेनबाग, मध्ये वधस्तंभ, आणि पुढे एक मोठा लाल बाण, थेट वर ढगांत जाणारा. जग बिघडतच जाणार, मग एके दिवशी कर्णा वाजेल, एका क्षणात खरे विश्वासणारे उचलले जातील. हातातलं काम हातात, जोडे दारात. मागे राहतील त्यांच्या वाट्याला सात वर्षांचं मोठं संकट. त्यानंतर प्रभू येऊन हजार वर्षं राज्य करेल, मोजून हजार. तो तक्ता तुम्ही संडे स्कूलच्या भिंतीवर लावलात. मुलं बाणाकडे बघत बसायची आणि मी तुमच्याकडे.

बुधवारी संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी तुम्हाला इतिहास सांगायचे. तुम्हाला तो आवडत नसे, पण तुम्ही पहिल्या बाकावर बसून ऐकायचात. मी सांगायचे, वन्सं, आपण बॅप्टिस्ट लोक पाण्यावरून साऱ्या जगाशी भांडलो, लहान बाळांना बाप्तिस्मा द्यायचा नाही म्हणून तुरुंगात गेलो. पण शेवट कसा होणार यावर आपलं आपल्यातच कधी जमलं नाही. अगदी सुरुवातीला, इंग्लंडात राजाचं डोकं उडवलं त्या काळात, आपल्यातल्या काहींना वाटलं की प्रभूचं राज्य आता आलंच, गरज पडली तर तलवारीनेही आणावं. बाकीचे घाबरून म्हणाले, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. मग विश्वासाचे जाहीरनामे लिहिले गेले, त्यांत तो येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, एवढंच स्पष्ट घातलं. हजार वर्षांचं वेळापत्रक कुणी त्यात बांधलं नाही. पुढे जहाजातून आपल्याकडे आले ते बहुतेक मामंजींच्या मताचे. मग महायुद्धं झाली, जग सुधारण्याच्या गोष्टी लोकांच्या घशाखाली उतरेनात, आणि तुमचे तक्ते घरोघर पोचले. काही जण माझ्या वडिलांसारखे म्हणत राहिले, की तक्ता गुंडाळा आणि जागे राहा. सगळे एकाच पाण्यातून वर आलेले. "मग बरोबर कोन?" तुम्ही दरवेळी शेवटी विचारायचात. मी दरवेळी "मी" म्हणायचे.

हे झालं भांडण. ते मला आवडायचं, तुम्हालाही आवडायचं. उगीच नाही म्हणू नका. पण मला डाचायचं ते वेगळंच. घरच्या प्रार्थनेत, मी समोर बसलेली असताना, तुम्ही मोठ्याने म्हणायचात, "प्रभू, नलूचे डोळे उघड." रोज. आणि "तिला मागं ठेवू नको." मला वाटायचं, ही बाई माझ्या हातचं खाते, माझ्या पोरांना न्हाऊ घालते, पण मनातून मला अविश्वासणारी समजते. लाल बाणाच्या वेळी ही वर जाणार आणि मी मेथी निवडत खाली राहणार, अशी हिची खात्री आहे. शाळेत पोरांना गुण देणाऱ्या बाईला कुणीतरी रोज नापास करत होतं. तुमच्या लेखी मी खरी विश्वासणारी होते की नव्हते, हे मी तुम्हाला सरळ कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

आणि मग तो पाटाची चारी फुटल्याचा दिवस.

कालव्याला पाळीचं पाणी, आवर्तन, सुटलं होतं. तुम्ही रजा काढून राहुरीच्या बाजारात गेला होतात. अकराच्या सुमाराला कुणीतरी ओरडत आलं, की चर्चमागची चारी फुटली, पाणी आत शिरतंय. आपल्या आळीतली चारही ख्रिस्ती घरं जशी होती तशी उठून पळाली. शाळेला सुट्टी होती, मी मेथी निवडत होते, चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला आणि चिखलात अडकतील म्हणून चपला दारातच सोडल्या. गॅस बंद करायचं राहिलं. आम्ही बाकं उचलली, पेटी टेबलावर चढवली, पोत्यांत माती भरून दरवाज्यात लावली. पाळकही धोतर खोचून आमच्यातच. चर्च आळीपासून लांब, मध्ये उसाचे दोन पट्टे. घरातून काही दिसण्यासारखं नव्हतं.

तुम्ही टेम्पोतून उतरून आलात. पलीकडच्या बौद्ध वस्तीत बायका धुणं वाळत घालत होत्या. पुढच्या शेतकऱ्यांच्या घरी गुरांना वैरण चालली होती. सगळं रोजच्यासारखं, आणि आपली चार घरं तेवढी उघडी, आत माणूस नाही. कुकर शिट्ट्या करतोय. माझा चष्मा, माझ्या चपला. तुम्ही पाळकांच्या घरात डोकावलात, तिथं चहाचा कप तसाच. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याचं चित्र तुमच्यापुढं हुबेहूब उभं राहिलं, आणि तुम्ही त्यात नव्हता.

पाऊण तासाने आम्ही चिखलाने माखून परत आलो तेव्हा तुम्ही दारात बसला होतात. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली कमळताई तांब्या घेऊन उभी होती. मला बघून तुम्ही उठलात आणि माझा हात धरलात, चिखलासकट, इतका घट्ट की बांगडी रुतली. प्रभाकरच्या ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "अक्का, तुला वाटलं का काय..." आणि मी हसले. वन्सं, मी पोट धरून हसले. "तक्ता काढणारीच राहिली की हो मागं!" असं मी म्हणाले. ते तिथंच थांबलं असतं तर एक वेळ ठीक. मी ते पुढच्या महिला सभेत सांगितलं, हातवारे करून, चष्मा आणि चपलांसकट. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तुम्हीही थोडं हसलात, आणि त्यानंतर चार महिने बुधवारच्या वर्गाला आला नाहीत.

मी मनात म्हणाले, खात्रीची घमेंड उतरली. असं म्हणाले खरं.

त्याच वर्षी तेव्हाच्या पाळकांनी मंडळीच्या सभेत कलम आणलं. विश्वासाच्या जाहीरनाम्यात घालायचं, की मोठ्या संकटाआधी मंडळी उचलली जाईल असं जो मानत नाही तो सभासद राहू शकत नाही. आपल्याकडे बिशप नाही. पत्रे कुठले आणायचे इथपासून पाळक कोण इथपर्यंत सगळं मंडळी हात वर करून ठरवते. बहुतेक जण तुमच्या तक्त्यावर वाढलेले. मला कळून चुकलं, आता आपली पाठवणी. माझी लग्नाची नोंद, माझी पोरं, सगळं त्या चर्चमधलं, आणि मला बाहेर उभं राहावं लागणार. तुम्ही उठलात तेव्हा मी मान खाली घातली. नणंदेने हिशेब चुकता करायला याहून चांगला दिवस कुठला?

तुम्ही म्हणालात, "पाळकसाहेब, तुमी मानता तेच मी मानते. तक्ताबी माझाच हाय. पन मी पान्यात उतरले तवा मला एकच इचारलं, येशूवर विश्वास हाय का. तक्ता न्हाई इचारला. मग दुसऱ्याला कशापायी इचारायचा? कोन जानार न् कोन राहनार, ते आपन ठरवू नये. आपला अंदाज चुकतो. मला ठाव हाय."

मागे खुसखूस झाली. सगळ्यांना चारीचा दिवस आठवला. तुम्ही ती होऊ दिलीत. विरोधात पहिला हात तुमचा वर गेला, मग एकेक करत इतके गेले की पाळकांनी मोजायचंच सोडलं. घरी येताना मी विचारलं, "वन्सं, असं का केलंत?" तुम्ही पदराने वारा घेत म्हणालात, "उकाडा लई हाय. चल बिगी बिगी."

मी समजले, भावासाठी केलं. घर फुटू नये म्हणून. त्या बुधवारी तुम्ही पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसलात आणि आपण जिथं थांबलो होतो तिथून भांडायला लागलो. आभार मानायचे राहून गेले. माफी मागायची तर राहिली हे म्हणणंही खोटं होईल. मागायची आहे असं मला वाटलंच नव्हतं.

प्रभाकर गेल्यावर आपण दोघीच उरलो. पोरं पुण्याला. ताट उचलून बाहेर जाणारं कुणी नाही, म्हणून आपण जेवताना भांडणं सोडलं आणि चहाला भांडू लागलो. तुमच्या गोळ्या माझ्या लक्षात, माझे चष्मे तुमच्या. शेवटच्या आठवड्यात तुमचा श्वास लागायला लागला तेव्हाही तुम्ही डॉक्टरपेक्षा जास्त सूचना देत होतात. एका दुपारी उशीला टेकून विचारलंत, "नलू, तुझ्या मतानं, आता माझं पुढं काय?" मी वडिलांकडून शिकलेलं सगळं आठवून बघितलं. जन्मात पहिल्यांदा तुमच्यासमोर म्हणाले, "मला माहीत नाही, वन्सं. तुम्ही त्याच्याजवळ असाल, एवढंच माहीत आहे." "बत्तीस वर्षांत आज बरोबर बोललीस," म्हणालात आणि पेज मागितलीत. दोन दिवसांनी सकाळी तुम्ही गेलात. त्रास झाला नाही. हातात माझा हात होता.

आपल्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला पाय पूर्वेकडे करून ठेवलं, म्हणजे तो येईल तेव्हा उठून उभं राहिलं की समोर तोच. या बाबतीत तुमच्या, माझ्या आणि मामंजींच्या मतात फरक नाही. तिघांच्याही कबरी एकाच दिशेला तोंड करून असणार. आहे ना मजा? माती टाकताना मला हे सुचलं आणि ते तुम्हाला सांगायला मी वळले.

पाहुणे पांगल्यावर कमळताई आली. इतके दिवस येऊन जाऊन होती, पण त्या दिवशी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाई, एक सांगायचंय. सिस्टरनी सांगू नको म्हनलं हुतं, म्हनून गप ऱ्हायले. आता त्या गेल्या." मी म्हटलं सांग.

"ती चारी फुटली त्या दिसाचं. मी खुरपून आले तर ह्या दारात बसलेल्या, तोंडाला पदर. मला वाटलं कुनी वारलं. इचारलं तर म्हनल्या, कमळ, प्रभू येऊन गेला. समद्यांना नेलं, मी राह्यले. आता मला काय त्यातलं कळतंय? मी म्हनलं, सिस्टर, तुमी एवढं करता लोकांचं, तुमी कशा राहाल? तर म्हनल्या, माजं जाऊ दे. नलूला नेलं, लई बरं झालं. तिचाच घोर हुता मला. आन् हात जोडून आभार मानाया लागल्या देवाचे. रडायच्या न् आभार मानायच्या. मला काय सुचंना, मी पानी आनाया गेले. तेवढ्यात तुमी आला न् हसाया लागला. मागनं मला म्हनल्या, हे हिला कंदी सांगू नको. लाजंल ती."

कमळताईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने ती घरी गेली.

वन्सं, तुमच्या समजुतीप्रमाणे त्या वेळी तुम्ही टाकून दिलेल्या होतात. जन्मभर ज्याची सेवा केली त्याने तुम्हाला घेतलं नव्हतं आणि पुढं सात वर्षांचं संकट उभं होतं. तिथं बसून तुम्ही माझ्यासाठी आभार मानलेत. ती रोजची "नलूचे डोळे उघड" मला शिव्यांसारखी लागायची, ती काळजी होती हे मला कळलं नाही. आणि सभेत म्हणालात, आपला अंदाज चुकतो, तो तुमच्या राहण्याबद्दल नव्हता; मी मागं राहीन असं तुम्ही धरलं होतं, त्याबद्दल होता. मी त्या पाऊण तासावर विनोद केला आणि लोकांना वाटला. माझं फार चुकलं. मला माफ करा. तुम्ही केव्हाच केलंय, ते आता कळतंय, पण मागायची ती मागितली पाहिजे.

तक्ता मला अजूनही पटत नाही. हे खोटं बोलून मी तुम्हाला निरोप देणार नाही. पण तुम्ही आता त्याच्याजवळ आहात, यावर आपल्या दोघींचं कधीच भांडण नव्हतं. म्हणजे मलाही म्हणायला हवं, की वन्संना नेलं, लई बरं झालं. तुम्हाला ते पाऊण तासाच्या आत म्हणता आलं, सगळं गमावलं असं वाटत असताना. कमळताई सांगून गेली त्याला आज नऊ दिवस झाले. रोज सकाळी मी प्रार्थनेला बसते, आभारांपर्यंत येते, आणि मला अजून ते म्हणता येत नाही.

तुमची,
नलू